काकांचं दुसरं बारसं

आमचे विष्णुपंत काका १९३५ सालच्या डिसेंबरात जन्मले, तेव्हा त्यांचं वय अठ्ठेचाळीस होतं आणि दाढी छातीपर्यंत होती. त्यांचा जन्म मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. हिंदी मुलखात, नेपियर टाउन या वस्तीतल्या आमच्या घराच्या मागच्या अंगणात पितळी घंगाळात बसवून, दोन डबे तूप डोक्यावर ओतून त्यांना जन्माला घातलं. थंडी अशी होती की तूप दाढीतच थिजलं. हे सगळं शास्त्राप्रमाणे चाललं होतं, आणि शास्त्राप्रमाणे काही चालू असलं की आमच्या घरात हसायला बंदी असे. म्हणून मी आणि राधाबाई आत्या गोठ्यात जाऊन हसून आलो.

पण काकांच्या जन्माची गोष्ट सांगायची तर आधी काकूची सांगायला हवी, कारण सगळं तिच्यापायी घडलं.

अनसूया काकू म्हणजे या विष्णुपंतांची बायको. तिला एक खोड होती. ती हाका मारायची. "इकडे या! अरे लवकर या कुणीतरी!" अशी हाक परसातून, गच्चीवरून, स्वयंपाकघरातून, कुठूनही येई, आणि आवाज असा की घराला आग लागली असावी. माणसं हातातलं टाकून धावत. जाऊन पाहावं तर काकू काकडीची चकती उजेडासमोर धरून उभी. "आतली नक्षी पहा ना," म्हणायची. कधी फोडणीतून उडालेला मोहरीचा दाणा चुलीच्या कडेनं गडगडत कसा जातो ते दाखवायची, कधी दारात उभ्या टांग्याच्या घोड्याला आलेली शिंक. घोडा काही दुसऱ्यांदा शिंकत नसे. मग आम्ही सगळे घोड्याकडे पाहत उभे, आणि टांगेवाला आमच्याकडे पाहत.

थोरल्या दिरासमोर बोलू नये असा त्या काळी नियम होता. काकू तो पाळायची. ती माझ्या वडिलांशी बोलत नसे, फक्त ओरडायची, आणि हाक तर कुणाचंही नाव घेऊन नसे. माझे वडील रामकृष्णपंत दिवाणी कचेरीत हेडक्लार्क होते. झोपेतही कायद्याची कलमं म्हणत. सकाळी पावणेनऊला ते अर्ध्या गालाला साबण लावून बसलेले असायचे, आणि नेमकी तेव्हा हाक यायची. वडील वस्तरा खाली ठेवून, तणतणत, त्या अर्ध्या गालानं यायचे. कौलाच्या फटीतून आलेला कवडसा आजोबांच्या तसबिरीवर बरोबर नाकावर पडलेला असे. "मामंजींना शिंक येऊन राहिली," काकू माझ्या कानात म्हणे, पण अशा बेतानं की दिराला ऐकू जावं. वडील म्हणत, "या घरात एक माणूस शहाणा नाही," आणि मग कवडसा नाकावरून सरकेपर्यंत तिथेच उभे राहत.

घरात एकटे विष्णुपंत काका हाकेला कधी येत नसत. ते ग्रंथ वाचत. त्यांना परमेश्वर हवा होता, आणि परमेश्वर काही काकडीत नसणार अशी त्यांची खात्री होती. १९२२ सालच्या माघात, मी वर्षाची असताना, ते एका सकाळी निघून गेले. मागे चिठ्ठी होती: 'रोजच्या या फोल संसारात जीव रमत नाही. सत्याच्या शोधास जातो. माझा शोध करू नये.' वडिलांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि म्हणाले, "तारीख नाही घातली."

काकू तेव्हा चोविशीत होती. ती दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी विहिरीवरून हाक आली, "इकडे या! लवकर!" आई जीव मुठीत धरून धावली. विहिरीतून नुकत्याच काढलेल्या पाण्याला वाफा येत होत्या, आणि काकू सुजलेल्या डोळ्यांनी त्या दाखवत होती. आळीतल्या बायका म्हणाल्या, हिला काही दुःखच नाही. मी मोठी झाल्यावर एकदा विचारलं, तर म्हणाली, "दुःख झालं तं. लई झालं. पण वाफेनं काहून थांबायचं त्याच्यासाठी?"

अशी बारा वर्षं गेली. काका कुठे आहेत कुणाला ठाऊक नव्हतं. काकू कुंकू लावत होती, हातभर हिरव्या बांगड्या घालत होती, कांद्याची भजी जरा जास्तच खात होती, आणि रोज हाका मारत होती. तिचं बरं चाललं होतं.

मग माझ्या थोरल्या बहिणीचं, मीराताईचं, नागपुरात जमलं. मुलाकडच्यांचं पत्र आलं. त्यात एक ओळ होती: 'मुलीचे काका हयात की कैलासवासी, ते कळवावे, म्हणजे पत्रिकेत तसे घालता येईल.' वडिलांना या ओळीचं उत्तर देता येईना. उत्तर देता येत नाही असा कागद त्यांच्या टेबलावर कधी पडून राहिला नव्हता. त्यांनी दिवाकरशास्त्र्यांना बोलावलं.

शास्त्रीबुवा म्हणाले, "सोपं आहे. माणूस बारा वर्षं बेपत्ता असला की पालाशविधी करायचा. पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी द्यायचा. झाले विष्णुपंत कैलासवासी. पत्रिकेचा प्रश्न मिटला."

"पण तो कुठे जिवंत असला तर?" आईनं दाराआडून विचारलं.

"तर त्यालाही शास्त्र आहे," शास्त्रीबुवा म्हणाले. शास्त्रीबुवांकडे सगळ्याला शास्त्र असे.

तीनशे साठ पानं लागतात. ती मोजून द्यायचं काम माझ्याकडे आलं, आणि आजही मला माणूस म्हटलं की तीनशे साठ हा आकडा आठवतो. ग्वारीघाटावर, नर्मदेच्या काठी, शास्त्रीबुवांनी पानांचे हात, पाय, छाती अशी बांधली आणि डोक्याच्या जागी नारळ ठेवला. काकूला नमस्काराला पुढे आणलं. तिनं आपल्या नवऱ्याकडे नीट पाहिलं आणि मला हळूच म्हणाली, "पद्मे, यांचे कान इतके बरे नव्हते." मी हसले. मला चापट बसली. मग घाटाच्या कडेला दगडावर तिच्या बांगड्या फोडल्या, मंगळसूत्र तोडलं, कुंकू पुसलं. आणि काकू गप्प झाली.

वडील स्वतःला सुधारक समजत, म्हणून काकूचे केस राहिले. बाकी सगळं गेलं. बांगड्या गेल्या, कुंकू गेलं, कांदा-लसूण गेला, हळदीकुंकवाचं बोलावणं गेलं. शास्त्रीबुवा जाता जाता आणखी एक सांगून गेले: पुरुष कामाला निघायच्या वेळी विधवेनं हाक मारणं बरं नव्हे, अपशकुन होतो. त्यांना आमच्या घरातल्या हाकांचं काही ठाऊक नव्हतं. नेहमीप्रमाणे सर्वांना सांगतात ते सांगितलं. काकूनं मान हलवली.

वैशाखात मीराताईचं लग्न झालं. काकू मांडवात नव्हती. ती स्वयंपाकघराच्या दाराआड बसली होती, दार दोन बोटं उघडं. अंतरपाट धरलेला असताना मीराताईच्या मुंडावळ्या सुटून एका डोळ्यावर आल्या, आणि ती एका डोळ्यानं, भलत्याच गंभीर चेहऱ्यानं, अंतरपाटाकडे पाहत राहिली. मी दाराकडे वळून पाहिलं. काकूनंही ते पाहिलं होतं. तिनं तोंड उघडलं, आणि मिटलं. मला त्या क्षणी शास्त्रीबुवांच्या पाटाखाली विंचू सोडावासा वाटला.

त्यानंतरची दीड-पावणेदोन वर्षं घरात शिस्त होती. कुणी हातातलं टाकून धावत नव्हतं. भाकऱ्या करपत नव्हत्या, वडिलांची दाढी एका बैठकीत होत होती. त्या घराची मला शिसारी यायची. एक दिवस पावणेनऊला मी पाहिलं, वडील दोन्ही गालांना साबण लावून तसबिरीसमोर एकटेच उभे होते. मला पाहून म्हणाले, "काय पाहून राहिली? जा, शाळेला उशीर होतो." काकू आत गहू निवडत होती. मान खाली घालून निवडत होती, आणि गव्हात तिला काही सापडत नव्हतं.

आणि १९३५ च्या डिसेंबरात, भर दुपारी, दारात टांगा थांबला. एक हडकुळा, दाढीवाला बैरागी उतरला. टांगेवाला म्हणाला, "बाबाजी कहते हैं कि ये इनका घर है." आईनं कपाळावरच्या आठीवरून ओळखलं आणि "अगं बाई, भावजी!" म्हणून किंचाळली. वडील रविवार म्हणून घरी होते. ते बाहेर आले, भावाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "अरे, पण तुझं तर झालं!"

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"सगळं. तेराव्यापर्यंत."

काका पायरीवर बसले. त्यांना आत घ्यावं की नाही हे कुणाला ठरवता येईना. ज्याचं श्राद्ध झालं त्याला जेवायला कुठल्या पंगतीत वाढायचं? शेवटी आईनं पायरीवरच ताट नेऊन दिलं, आणि कैलासवासी चार पोळ्या खाऊन तिथेच झोपले. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. पण मी आत गेले तेव्हा ती भिंतीला टेकून उभी होती आणि परातीतली कणीक अर्धीच मळलेली होती.

दिवाकरशास्त्री पोथी घेऊन आले. त्यांनी सांगितलं, पालाशविधी झालेला माणूस परत आला, तर त्याला पुन्हा जन्म घ्यावा लागतो. तुपात बुडवून काढायचा, मग जातकर्म, बारसं, मुंज, सगळे संस्कार पहिल्यापासून. शेवटी त्याच बायकोशी पुन्हा लग्न. वडील म्हणाले, "बुडवून म्हणजे, शिंतोडे उडवून नाही चालणार?" आणि आपणच म्हणाले, "नाही. कलम स्पष्ट आहे."

अशा रीतीनं घंगाळ आलं. काका लंगोटीवर उकिडवे बसले, दात वाजत होते, आणि वरून तूप पडत होतं. मग त्यांना पुसलं, दुपट्यात गुंडाळलं, सोन्याच्या अंगठीनं मध चाटवला. बाराव्या दिवशी बारसं झालं. पाळण्यात मावणं शक्य नव्हतं, म्हणून माजघरातल्या झोपाळ्यावर त्यांना आडवं केलं, पाय खाली लोंबत होते. घमापुराहून राधाबाई आत्या पुन्हा मुद्दाम आली होती, कारण बाळाच्या कानात नाव आत्यानंच सांगायचं, आणि काकांची आत्या हयात नसल्यानं आमचीच चालवून घेतली. ती वाकली, "कुर्रर्र!" केलं, आणि मागून बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. नाव विष्णूच ठेवलं, कारण वडिलांना कागदपत्रं बदलायची नव्हती. आत्या म्हणाली, "पोरगं अशक्त आहे हो. गुटी चालू करा." आणि त्या वेळी स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज आला. काकू विधवा होती, आपल्याच नवऱ्याच्या बारशाला तिला बाहेर यायची मुभा नव्हती. पण तो आवाज तिचाच होता. पावणेदोन वर्षांनी आला होता. वडील मला म्हणाले, "दार पूर्ण उघड जरा. धूर कोंडला असेल आत." चूल पेटलेलीच नव्हती.

लग्नाचा मुहूर्त माघातला निघाला. त्याआधी चार दिवस मुंज उरकायची असं ठरलं. सगळं ठरल्यावर काकूनं माझ्याकरवी निरोप पाठवला: "मुलीला मुलगा पाहायचा आहे."

वडिलांना कळेना. "कुठला मुलगा?"

"हाच," मी म्हटलं. "काकू म्हणते, मागच्या वेळी नऊ वर्षांची होते, कुणी विचारलं नाही. या वेळी पाहणार, मग सांगणार."

आई तोंडाला पदर लावून आत पळाली. वडिलांनी पुष्कळ आदळआपट केली. पण लग्न नवं आहे हे त्यांनीच मान्य केलेलं, तेव्हा नव्या लग्नाची रीत त्यांना नाकारता येईना. दुसऱ्या दिवशी माजघरात बैठक घातली. मुलाकडून वडील आणि शास्त्रीबुवा. मुलीकडून मी. काका दाढी काढून, कोट-टोपी घालून, चटईवर बसले. दाढी गेल्यावर ते फार लहान दिसत होते. काकू पांढऱ्या लुगड्यात, रिकाम्या हातांनी, समोर येऊन बसली. थोरल्या दिरासमोर ती आयुष्यात पहिल्यांदा सरळ बोलणार होती.

"बारा वर्षं, तेरा वर्षं कुठं होता?" तिनं विचारलं.

"ओंकारेश्वर," काका म्हणाले. "मग काशी. हृषीकेश. चार हिवाळे उत्तरकाशीला."

"जे पाहायला गेला ते दिसलं?"

काका कोटाचं बटण चाचपू लागले. शास्त्रीबुवा म्हणाले, "असे प्रश्न मुलीनं..." आणि मी त्यांच्यापुढे पोह्यांची बशी सरकवली.

मग काका म्हणाले, "मी एक विचारू? त्याच्यासाठीच आलो मी." "मी गेलो त्या सकाळी तू हाक मारली होती. मी फाटकाशी होतो, चपला घालून राहिलो होतो. तू परसातून ओरडली, इकडे या, लवकर या. मी थांबलो. आलो असतो तं गेलो नसतो, म्हणून आलो नाही. मग अनसूये, तेरा वर्षं हेच. डोळे मिटून बसलो की देव नाही येत समोर, परस येते. गुरूंना सांगितलं, त्यांनी मंत्र बदलून दिला. तरी तेच. काय होतं ते? काय दाखवत होती तू?"

मी काकूच्या तोंडाकडे पाहत होते. मला वाटलं, आता ती असं काही सांगेल की ऐकून जन्माचं सार्थक होईल. तिनं कपाळाला हात लावून खरोखर विचार केला, बराच वेळ केला.

"नाही आठवत," ती म्हणाली.

"नाही आठवत?"

"सरडा असेल. नाही तं जास्वंदीवर काही असेल. मला काय माहीत?" मग काकांचा चेहरा पाहून तिचा स्वर उतरला. "अहो, दुसऱ्या दिवशीही काहीतरी होतंच ना. त्याच्या दुसऱ्या दिवशीही होतं. रोज असते. तुम्ही एकासाठी काहून अडून बसले?"

काका रडले. कोट-टोपी घातलेला माणूस पोह्यांच्या बशीसमोर हमसून रडताना मी तेव्हाच पाहिला. मला त्यांचा राग होता, तेरा वर्षांचा, न कळत्या वयापासूनचा. तो कुठे गेला ते मला कळलं नाही. काकूचेही डोळे भरले होते, पण तिनं ते पुसले आणि शास्त्रीबुवांकडे वळली.

"मुलगा पसंत आहे," ती म्हणाली. "पण याचं वय काय?"

"वय?" शास्त्रीबुवा म्हणाले. "एकोणपन्नासावं लागेल आता."

"तसं कसं? बारसं होऊन पंधरा दिवस नाही झाले. तुम्हीच जन्माला घातलं ना याला?" आणि आता तिनं सरळ माझ्या वडिलांकडे पाहिलं. "भावजी, शारदा कायदा आहे म्हणतात. मुलगा अठराचा झाल्याबिगर लग्न नाही. जो लावून देईल त्याला शिक्षा. तुम्ही सरकारी नोकर."

वडील म्हणाले, "अगं, पण तो... तो काही खरंच..."

"खरंच नाही?" काकू म्हणाली. "मग हे तेच जुने, माझे नवरे? तसं असलं तं माझं पहिलं लग्न शाबूत आहे. मग ग्वारीघाटावर जितेजागते भाऊ जाळले, तसं लिहून द्या, आणि माझ्या बांगड्या आणून द्या. नाही तं हा नवा आहे. नवा असला तं लहान आहे. दोन्हीतलं एक सांगा."

असा कायदा वडिलांना कचेरीतल्या वकिलांनीही कधी ऐकवला नव्हता. ते उठले, येरझारा घातल्या, पुन्हा बसले. भावाला जिवंतपणी जाळल्याचं कबूल करणं त्यांना शक्य नव्हतं. शेवटी हळूच म्हणाले, "नवा आहे."

"मग अठरा वर्षं थांबायचं," काकू म्हणाली. "मी थांबते. मला सवय आहे."

शास्त्रीबुवा बोटं मोजत होते. "पण मग या बाईंना म्हणायचं काय? नवरा जिवंत झाला, तेव्हा विधवा नव्हेत. लग्न लागलं नाही, तेव्हा सवाष्ण नव्हेत." त्यांनी पोथीची चार पानं पुढे केली, चार मागे केली. "राहता राहिली कुमारिका."

"कुमारिकेनं बांगड्या घालायला हरकत?" मी विचारलं.

"छे! कुमारिका तर देवीचं रूप."

"आणि सकाळी हाक मारायला?"

"शुभशकुन!" शास्त्रीबुवा त्रासून म्हणाले आणि पोह्यांकडे वळले.

त्याच दुपारी घमापुराची चुडीवाली दारावर आली. काकूचं पांढरं लुगडं पाहून ती घुटमळली. म्हणाली, "किसके लिए, बाबूजी?" वडील ओटीवर वर्तमानपत्र वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "घर की लड़की है. हरी देना. और हाथ भर के देना." त्यांचा पेपर उलटा होता, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

काका पुढच्या खोलीत राहू लागले. वयानं लहान म्हणून त्यांचा कुणावर हुकूम चालेना, आणि त्यांनीही तो चालवून पाहिला नाही. हाक आली की निघत, पण सुरुवातीला फार उशिरा पोचत. चपला शोधत, उपरणं घेत. येऊन विचारत, "कुठं आहे?" काकू म्हणे, "गेलं." वर्षभरात ते अनवाणी धावायला शिकले. लग्नाबरोबर मुंजही लांबली होती, ती नव्या जन्माच्या आठव्या वर्षी झाली. छप्पन वर्षांचा बटू आमच्याच घरी भिक्षा मागायला उभा राहिला आणि काकूनं त्याच्या झोळीत लाडू घातले. एकदा हिवाळ्यात काकांनी आपण होऊन हाक मारली. काकू भाकरी तव्यावर टाकून धावली. उन्हात टाकलेल्या गादीतून एक खार कापूस ओढून काढत होती, घरट्यासाठी. "ही मी मागच्या वर्षीच पाहिली," काकू म्हणाली. तरी भाकरीचा वास येईपर्यंत दोघं तिथेच उभी होती.

१९४७ च्या पावसाळ्यात काका तापानं गेले. अकरा वर्षांचे होते. मी सासरहून धावत आले. दिवाकरशास्त्री आता फार थकले होते, काठी टेकत आले. विधी झाल्यावर ते घुटमळले आणि काकूच्या हातांकडे पाहत म्हणाले, "अनसूयाबाई, आता हे..."

"काय आता?" काकू म्हणाली. "शास्त्रीबुवा, तुम्ही याची मुंज लावली. लग्न लावलं का?"

"नाही."

"मग मुंजीतलं पोर गेलं म्हणा. त्याच्यासाठी कुणी बांगड्या फोडते?"

शास्त्रीबुवांनी काठी उचलली आणि ते निघून गेले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या दिवशी माजघरात काकूनं काकांना शिक्षा दिली असं मी इतकी वर्षं समजत होते. तिनं हा दिवस पाहून ठेवला होता. पुन्हा त्या दगडापाशी जायचं नाही, एवढं तिनं पोह्यांच्या बशीसमोर पक्कं केलं होतं.

परकं माणूस दाराबाहेर गेलं की जपून ठेवलेलं रडू सुटतं, तसं मग काकूचं झालं. "आता कुठं यायला लागले होते गं, पद्मे," ती म्हणाली आणि खाली बसली. ती फार रडली, कुठल्याही विधवेपेक्षा जास्त रडली. हिरव्या बांगड्या भरलेल्या हातांनी डोळे पुसत, दिवे लागेपर्यंत रडली.